शोळिंगनल्लूरची ११० किलोमीटरची सायकल फेरी : वारा, उष्मा आणि रस्त्यावरील हक्काची जागा

चेन्नई : समुद्राला समांतर धावणारे दोन रस्ते, त्यांच्या मधून वाहणारा ब्रिटिशकालीन कालवा आणि पश्चिमेला पसरलेली दलदल अशा चिंचोळ्या भूपट्ट्यावर दक्षिण चेन्नईतील शोळिंगनल्लूर वसलेले आहे. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या उंच इमारती आणि सायंकाळची वाहतूक कोंडी ही या उपनगराची सर्वपरिचित ओळख होय. सुट्टीच्या दिवशी पहाटे मात्र येथील चौकात वेगळे चित्र दिसते. मागे लाल दिवा लुकलुकत असलेल्या सायकली दोन-दोन, चार-चार करून पूर्वेकडे वळतात आणि समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याला लागतात. त्यांपैकी काही जण मुट्टुकाडूच्या पुलावरून माघारी फिरतात, काही मामल्लपुरमपर्यंत जातात. मोजके सायकलस्वार मात्र आलेल्या वाटेने परत न येता तिरुक्कळुक्कुंड्रम, चेंगलपट्टू आणि तिरुप्पोरूर असा वळसा घालून दुपारपूर्वी पुन्हा याच चौकात पोहोचतात.

ही फेरी सुमारे ११० किलोमीटरची आहे. तिच्यात एकही घाट नाही. तरीही ती सोपी नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी सायकल चालविणाऱ्यास चढ हा एकमेव शत्रू वाटतो. चोळमंडलाच्या सपाट किनाऱ्यावर वारा, दमट उष्मा आणि वेगवान वाहने हे तीन प्रतिस्पर्धी असतात. पहिल्या दोघांना अभ्यासाने आणि शिस्तीने तोंड देता येते. तिसऱ्याचा प्रश्न एकट्या सायकलस्वाराच्या हाती नाही. तो शहराच्या नियोजनाचा प्रश्न आहे.

दोन रस्त्यांमधले गाव

शोळिंगनल्लूर २०११ मध्ये चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाले आणि पालिकेच्या पंधराव्या विभागाला त्याचे नाव मिळाले. त्यापूर्वी ही स्वतंत्र नगर पंचायत होती. तारामणी येथे २००० मध्ये टायडेल पार्क सुरू झाल्यानंतर जुन्या महाबलीपुरम रस्त्याचे रूप झपाट्याने पालटले. मध्य कैलासपासून सिरुसेरीपर्यंतचा सुमारे २० किलोमीटरचा भाग सहापदरी झाला आणि २००८ मध्ये त्याला राजीव गांधी सालै हे नाव देण्यात आले. लोकांच्या बोलण्यात मात्र तो अद्याप ‘ओएमआर’च आहे. त्याच्या पूर्वेला, समुद्राच्या अधिक जवळून, ईस्ट कोस्ट रोड म्हणजेच ‘ईसीआर’ जातो. शोळिंगनल्लूरहून अक्करैकडे जाणारा सुमारे तीन किलोमीटरचा जोडरस्ता या दोन मार्गांना सांधतो. लांबच्या फेरीसाठी हे ठिकाण सोयीचे ठरते ते या जोडरस्त्यामुळे.

जोडरस्त्यावरून जाताना बकिंगहॅम कालवा ओलांडावा लागतो. मद्रासच्या उत्तरेस १८०६ मध्ये या कालव्याच्या खोदाईला प्रारंभ झाला. पुढे १८७७-७८ च्या भीषण दुष्काळात दुष्काळी कामांतून त्याचा शहरातील दुवा पूर्ण करण्यात आला आणि तत्कालीन गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम अँड चँडोस यांचे नाव त्याला मिळाले. एकेकाळी मीठ, लाकूड आणि धान्य वाहून नेणारा हा जलमार्ग आज बहुतांशी सांडपाण्याचा वाहक झाला आहे. त्याच्याही पश्चिमेस पळ्ळिकरणैची दलदल आहे. एकेकाळी पाच हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पसरलेल्या या पाणथळीचा थोडाच भाग आता शिल्लक आहे. २०२२ मध्ये तिच्या १,२४७.५४ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

भूगोलाचा हा तपशील सायकलस्वाराच्या कामाचा आहे. येथील जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर आहे, म्हणून चढ नाहीत. तिचा मोठा भाग मुळात पाण्याचा होता, म्हणून ईशान्य मोसमी पावसात रस्ते तुंबतात. १ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या अतिवृष्टीत तांबरम येथे चोवीस तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस झाला, तेव्हा दक्षिण चेन्नईतील वस्त्या आणि रस्ते कित्येक दिवस पाण्याखाली होते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे की उघडे गटार, हे वरून कळत नाही. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात हवा थंड असली तरी जोराच्या पावसानंतरचे एक-दोन दिवस ही फेरी टाळणे शहाणपणाचे ठरते.

फेरीचे पाच टप्पे

पहिला टप्पा अक्करैपासून मामल्लपुरमपर्यंतचा, सुमारे ३२ किलोमीटरचा आहे. डावीकडे सरूची झाडे आणि त्यांपलीकडे समुद्र, तर उजवीकडे खाडी. मुट्टुकाडूच्या पुलावर खाडीचे पाणी समुद्राला मिळताना दिसते. कोवळमच्या किनाऱ्याला २०२१ मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले. पुढे वडनेम्मेली येथे रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेले मगर संवर्धन केंद्र आहे. त्याच परिसरातील नेम्मेली येथे समुद्राचे खारे पाणी गोडे करून शहराला पुरविणारा प्रकल्प २०१३ पासून कार्यरत आहे. मामल्लपुरम येथील पल्लवकालीन शिल्पसमूहाचा १९८४ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सूर्य नुकताच वर आलेला असताना पर्यटकांच्या बसगाड्यांआधी किनारा मंदिरापाशी पोहोचणे ही या फेरीतील मोठी मिळकत मानली जाते.

दुसरा टप्पा पश्चिमेकडे वळतो. मामल्लपुरमपासून तिरुक्कळुक्कुंड्रम सुमारे १५ किलोमीटर आहे. समुद्राची साथ सुटते आणि भातखाचरे, तळी व खडकाळ टेकड्या सुरू होतात. ‘पवित्र गिधाडांची टेकडी’ असा गावाच्या नावाचा अर्थ आहे. टेकडीवरील वेदगिरीश्वर मंदिरात दररोज दुपारी पांढऱ्या गिधाडांची जोडी नैवेद्य घेण्यासाठी येई. काशी आणि रामेश्वर यांच्याशी त्या जोडीचा संबंध जोडणाऱ्या कथा भाविक सांगत. १९९० च्या दशकानंतर मात्र पक्षी दिसेनासे झाले. भारतभर गिधाडांची संख्या ज्या काळात कोसळली, त्याच काळातील ही घटना आहे.

तिसरा टप्पा तेथून चेंगलपट्टूपर्यंतचा, सुमारे १४ किलोमीटरचा. २०१९ च्या अखेरीस कांचीपुरमपासून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचे हे मुख्यालय. शहरालगत कोळवै तलाव आहे. न्याहारीसाठी थांबण्याचे हे योग्य ठिकाण, कारण येथे फेरीचा निम्म्याहून अधिक भाग पूर्ण झालेला असतो आणि अडचण आल्यास सायकलसह माघार घेण्यासाठी येथून पुढे इतके मोठे शहर लागत नाही.

चौथा टप्पा पूर्वेकडे तिरुप्पोरूरपर्यंत सुमारे २५ किलोमीटरचा आहे. राखीव वनांच्या कडेने जाणाऱ्या या रस्त्यावर वस्ती विरळ आहे. पाण्याच्या बाटल्या चेंगलपट्टूतच भरून घ्याव्या लागतात. चेंगलपट्टूहून उत्तरेस वंडलूरमार्गे परतण्याचा पर्यायही आहे. परंतु तो ‘जीएसटी रोड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिरुच्चीच्या महामार्गावरून जातो आणि अवजड वाहनांची वर्दळ पाहता अनुभवी सायकलस्वार तो सहसा निवडत नाहीत.

पाचवा टप्पा तिरुप्पोरूरच्या मुरुगन मंदिरापासून केळंबाक्कममार्गे शोळिंगनल्लूरपर्यंत, सुमारे २२ किलोमीटरचा. केळंबाक्कमच्या मिठागरांत आणि खाडीत हिवाळ्यात पाणपक्ष्यांची गर्दी असते. त्यानंतर सिरुसेरी, नावलूर आणि उंच इमारतींची रांग सुरू होते. अंतराने लहान असला तरी हा शेवटचा टप्पाच मनाची सर्वाधिक परीक्षा पाहतो, कारण ऊन चढलेले असते, पाय थकलेले असतात आणि रहदारी नेमकी वाढलेली असते.

ही फेरी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने करण्याचा प्रघात आहे. त्यामागे साधा हिशोब आहे. भारतात वाहने रस्त्याच्या डावीकडून जातात. त्यामुळे या दिशेने जाताना अक्करै, मामल्लपुरम आणि चेंगलपट्टू येथे उजवीकडे वळावे लागते, म्हणजे समोरून येणारी वाहतूक ओलांडावी लागते. उलट दिशेने हा त्रास कमी झाला असता. परंतु त्या दिशेने ईसीआरवर दहा-अकरा वाजता, सहलीच्या मोटारींच्या ऐन गर्दीत पोहोचावे लागते. तीन अवघड वळणे पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर घेणे हे बत्तीस किलोमीटर गर्दीतून जाण्यापेक्षा कमी धोक्याचे, असा निष्कर्ष अनुभवातून निघाला आहे.

चढ नाही, वारा आहे

सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतांश शक्ती समोरची हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. येथे वेग म्हणजे रस्त्याच्या तुलनेतला नव्हे, तर हवेच्या तुलनेतला वेग. ताशी २५ किलोमीटरने जाताना समोरून ताशी १० किलोमीटरचा मंद वारा आला, तरी शरीरावर आदळणाऱ्या हवेचा वेग ३५ होतो आणि विरोध जवळजवळ दुप्पट होतो. झाडाची पाने जेमतेम हलविणारा वारा सायकलस्वाराला मात्र छोट्या चढासारखा भासतो.

जाताना जितके नुकसान तितकाच येताना फायदा होईल, ही समजूतही खरी नाही. समजा वाऱ्यामुळे वेग एका दिशेने ताशी २० आणि दुसऱ्या दिशेने ताशी ३० किलोमीटर झाला. ३० किलोमीटरच्या जाण्यास दीड तास आणि येण्यास एक तास, असे ६० किलोमीटरला अडीच तास लागतील. म्हणजे सरासरी २५ न राहता २४ वर येईल. प्रतिकूल वाऱ्यात माणूस अधिक वेळ घालवतो, म्हणून त्याची भरपाई कधीच पूर्ण होत नाही.

चेन्नईचा वारा ऋतूनुसार दिशा बदलतो. जून ते सप्टेंबर या काळात पहाटे तो प्रामुख्याने पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. त्या दिवसांत मामल्लपुरम ते चेंगलपट्टू हा पश्चिमेकडचा प्रवास कष्टाचा आणि तिरुप्पोरूरकडे परतणे सुखाचे असते. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात ईशान्येचा वारा ईसीआरवर दक्षिणेकडे जाणाऱ्यास अलगद ढकलतो. नवखा सायकलस्वार ही आपलीच ताकद समजतो आणि पहिल्या तासात शक्ती उधळतो. चेंगलपट्टू सोडल्यावर तोच वारा थेट तोंडावर येतो आणि शेवटचे ४७ किलोमीटर त्याची वसुली करतो.

याखेरीज समुद्री वारा आहे. सकाळी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरील थंड हवा आत येते. चेन्नईकर या वाऱ्याची उन्हाळ्यात चातकासारखी वाट पाहतात. पूर्वेकडे परतणाऱ्या सायकलस्वाराला मात्र तो समोरून येतो. पहाटे लवकर निघण्याचा आग्रह यासाठीही आहे. पाच वाजता निघून ताशी सरासरी २० किलोमीटर वेग राखल्यास, दोन थांबे धरून साडेअकराच्या सुमारास फेरी पूर्ण होते.

वाऱ्यावरचा जुना उपाय म्हणजे सोबत. पुढच्या सायकलच्या आडोशाने चालणाऱ्यास सुमारे पाव ते एक तृतीयांश कमी श्रम पडतात. समूहात पुढे राहण्याची पाळी आलटून पालटून घेतली जाते. परंतु आडोसा मिळण्यासाठी दोन चाकांत जेमतेम हातभर अंतर ठेवावे लागते. खड्डा, काच किंवा अचानक लागलेला ब्रेक यांची सूचना पुढच्याने हाताने व आवाजाने द्यावी लागते. अनोळखी सोबत्यांच्या बाबतीत अंतर अधिक ठेवणेच इष्ट.

उष्मा, घाम आणि मीठ

चेन्नईत ३१ मे २००३ रोजी ४५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. असे दिवस विरळा येतात. सायकलस्वाराची खरी अडचण तापमानापेक्षा आर्द्रतेची आहे. घामाची वाफ होताना त्वचेतील उष्णता निघून जाते. शरीराला थंड ठेवण्याची हीच मुख्य व्यवस्था होय. किनाऱ्यावरील हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने घामाची वाफ होत नाही. तो नुसता ओघळतो. पाणी आणि क्षार जातात, गारवा मात्र मिळत नाही.

अशा हवेत सर्वसाधारणपणे तासाला अर्धा ते पाऊण लिटर द्रव घोट-घोट घ्यावा लागतो. पण नुसते साधे पाणी भरपूर पिणे हाही धोका आहे. घामातून गेलेल्या सोडियमची भरपाई न करता पाणीच पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे असून गंभीर अवस्थेत ते जिवावर बेतू शकते. शहाळ्याचे पाणी उत्तम असले तरी त्यात पोटॅशियम अधिक आणि सोडियम कमी असते. म्हणून शहाळ्यासोबत मीठ घातलेले ताक, ज्याला तमिळमध्ये ‘नीर मोर’ म्हणतात, किंवा जलसंजीवनीचे मिश्रण घेणे योग्य ठरते.

या फेरीत दोन ते अडीच हजार किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. शरीरातील साखरेचा साठा त्यास पुरत नाही. म्हणून भूक लागण्यापूर्वी, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील अशा बेताने खावे लागते. इडली, पोंगल आणि केळी या गोष्टी वाटेवर जागोजागी मिळतात आणि पचण्यासही हलक्या असतात. घाम येणे अचानक थांबणे, थंडी वाजून येणे किंवा बोलणे असंबद्ध होणे ही उष्माघाताची सूचना समजावी. अशा वेळी फेरी तेथेच संपते. सावलीत थांबवून अंग ओले करणे, वारा घालणे आणि वैद्यकीय मदत बोलावणे याला पर्याय नाही.

सायकलसाठीची तयारी त्या मानाने थोडी आहे. दोन जादा ट्यूब, पंप, ठिगळे, पुढे-मागे दिवे, घंटी आणि शिरस्त्राण. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांतील बारीक पोलादी तारा पडलेल्या असतात आणि पंक्चरचे ते मुख्य कारण असते. खाऱ्या हवेत साखळी लवकर गंजते. म्हणून फेरीनंतर ती पुसून तेल देणे आवश्यक असते.

शर्यत नव्हे, ब्रेव्हे

११० किलोमीटरच्या फेरीकडे अनेक जण त्याहून मोठ्या प्रवासाची पहिली पायरी म्हणून पाहतात. दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगची ‘ब्रेव्हे’ ही परंपरा फ्रान्समधून आली. ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या संस्थेच्या नियमांनुसार २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करावे लागतात. एकाच हंगामात चारही अंतरे पार करणाऱ्यास ‘सुपर रँडोन्यूअर’ म्हणतात. यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. नियंत्रण चौक्यांवर नोंद करून, आपली दुरुस्ती आपणच करीत, मुदतीत पोहोचणे इतकीच अट असते. या परंपरेचे शिखर म्हणजे १८९१ मध्ये सुरू झालेली आणि आता चार वर्षांतून एकदा होणारी सुमारे १,२०० किलोमीटरची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. तिच्यासाठी कमाल ९० तास मिळतात. चेन्नईत मद्रास रँडोन्यूअर्स ही संस्था अशा ब्रेव्हे भरविते.

महाराष्ट्राला ही परंपरा अपरिचित नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ हे ती एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही तीच कामगिरी केली.

रस्ता कोणाचा?

वाऱ्याची दिशा पाहून वेळ ठरविता येते, मीठ-पाण्याचे गणित जमविता येते. पण मागून ताशी १०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या मोटारीपुढे सायकलस्वाराचे कोणतेही कौशल्य अपुरे पडते. ईसीआर हा दोन शहरांना जोडणारा वेगवान रस्ता असला तरी तो मच्छीमार गावांचा, शाळांचा आणि मंदिरांचाही रस्ता आहे. ओएमआरवर मेट्रो रेल्वेच्या दुसऱ्या टप्प्याच्या कामाने जागा अडविली आहे. माधवरमहून निघणाऱ्या दोन मार्गिका शोळिंगनल्लूर येथे एकत्र येणार असून, बांधकामाच्या कठड्यांमुळे उरलेल्या पट्ट्यात बस, टँकर आणि सायकल यांना दाटीवाटीने चालावे लागते.

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. अपघातांच्या संख्येत त्या वर्षी तमिळनाडू सर्व राज्यांत पुढे होते. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, पादचारी व सायकलस्वार वाहनांत मिसळतात अशा ठिकाणी वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी असे म्हटले आहे. त्यामागे शास्त्रीय कारण आहे. या वेगाला धडक बसल्यास बहुतेक जण वाचतात, ५० च्या पुढे मृत्यूची शक्यता झपाट्याने वाढते. भारताच्या २०१७ च्या मोटार वाहन चालनविषयक नियमांनीही पादचारी, सायकलस्वार आणि मुले यांच्याबाबत विशेष दक्षता घेणे चालकाचे कर्तव्य ठरविले आहे. रस्त्यावर सायकल ही अडगळ नाही, ती कायद्याने मान्य झालेली सहप्रवासी आहे.

हा प्रश्न सुट्टीच्या दिवशी महागडी सायकल चालविणाऱ्यांपुरता असता, तर तो छंदाचा प्रश्न म्हणून बाजूला ठेवता आला असता. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती आणि शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने कामावर जात होते. रविवारी पहाटे लाल दिवे लावून जाणाऱ्यांच्या शेजारून, दिव्याविना, शिरस्त्राणाविना, रात्रपाळी संपवून घरी परतणारे पहारेकरी आणि बांधकाम मजूर याच ओएमआरवरून जात असतात. त्यांना मार्ग निवडण्याची मुभा नाही, वेळ निवडण्याचीही नाही.

तमिळनाडूचे सायकलशी नातेही जुने आणि जिव्हाळ्याचे आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या टीआय सायकल्सचा कारखाना चेन्नईच्या अंबत्तूर भागात उभा राहिला. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी पुदुक्कोट्टै जिल्ह्यातील साक्षरता चळवळीत ग्रामीण स्त्रिया हजारोंच्या संख्येने सायकल शिकल्या. अक्षरासोबत चाकही स्वावलंबनाचे साधन मानले गेले. २००१-०२ मध्ये राज्याने अनुसूचित जाती-जमातींच्या अकरावीतील मुलींना मोफत सायकली देण्यास प्रारंभ केला आणि पुढे योजनेची व्याप्ती वाढविली. सायकल दिल्यानंतर ती चालविण्यास सुरक्षित रस्ता देणे, ही त्याच धोरणाची तर्कसंगत पुढची पायरी होती.

त्या दिशेने पाऊल पडलेही. चेन्नई महानगरपालिकेने २०१४ मध्ये मोटारविरहित वाहतुकीचे धोरण स्वीकारले आणि वाहतुकीच्या अंदाजपत्रकातील किमान ६० टक्के निधी पादचारी व सायकलींच्या सोयींसाठी राखण्याचे उद्दिष्ट ठेवले. अनेक भागांत रुंद पदपथ झाले. परंतु सायकलसाठी सलग मार्गाचे जाळे उभे राहिले नाही. तुकड्यातुकड्यांत असलेला सायकल मार्ग चौकापाशी संपतो आणि अपघाताचा धोका तर नेमका चौकातच अधिक असतो.

इतर शहरांचा अनुभव

जगातील काही शहरांनी भोवतालच्या फेरीकडे सार्वजनिक मालमत्ता म्हणून पाहिले आहे. बर्लिनमध्ये जुन्या भिंतीच्या रेषेवरून सुमारे १६० किलोमीटरचा सायकल व पायी मार्ग आखला गेला. विभाजनाची खूण शहराला प्रदक्षिणा घालण्याची वाट झाली. सिंगापूरने उद्यानांना जोडणाऱ्या ३०० किलोमीटरहून अधिक मार्गांचे जाळे विणले. त्यासाठी कालव्यांचे आणि नाल्यांचे काठ वापरले. बेल्जियममधील लिंबर्ग प्रांतात १९९५ मध्ये प्रत्येक चौकाला क्रमांक देण्याची साधी पद्धत सुरू झाली. सायकलस्वाराने चार-पाच क्रमांक लक्षात ठेवले की नकाशाविना फेरी पूर्ण होते. कोलंबियाच्या बोगोटा शहराने तर नवा रस्ताही बांधला नाही. १९७४ पासून तेथे रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मुख्य रस्त्यांचा काही भाग ठरावीक तास मोटारींना बंद ठेवून नागरिकांना मोकळा करून दिला जातो.

यांतील प्रत्येक उपाय शोळिंगनल्लूरच्या परिसरात पडताळून पाहण्याजोगा आहे. बकिंगहॅम कालवा ओएमआर आणि ईसीआर यांच्या मधून दक्षिणेकडे जातो. त्याचा काठ अतिक्रमणमुक्त झाला, तर दोन्ही वेगवान रस्त्यांपासून दूर अशी सपाट वाट मिळू शकते. मात्र पाणथळीच्या कडेने काँक्रीटचा मार्ग बांधणे हे सायकलच्या नावाखाली दलदलीचे आणखी नुकसान करणे होईल, याचे भान ठेवावे लागेल. ईसीआरवर रविवारी पहाटेचे काही तास वेगमर्यादा काटेकोरपणे राबविण्यास तर बांधकामही लागत नाही.

निर्णयाची वेळही जवळची आहे. एण्णूर बंदरापासून मामल्लपुरमपर्यंत सुमारे १३३ किलोमीटरचा बाह्य वळणरस्ता आकाराला येत आहे. तो पूर्ण झाल्यावर चेन्नईभोवती खऱ्या अर्थाने वर्तुळ तयार होईल. आजची ग्रामीण वाटांची फेरी या रस्त्याला ओलांडूनच मामल्लपुरम गाठील. तेथे सायकलस्वार, बैलगाडी आणि शाळकरी मुले यांना सुरक्षितपणे पलीकडे जाण्याची सोय आराखड्यातच असेल, तर खर्च थोडा येतो. रस्ता वापरात आल्यानंतर, अपघातांचे आकडे जमल्यावर तीच सोय करणे कितीतरी महाग पडते, आणि तोवर मोजलेली किंमत केवळ पैशांतली राहत नाही.

तोपर्यंत या फेरीला निघणाऱ्यांसाठी जुनाच सल्ला लागू आहे. वाऱ्याची दिशा पाहावी, मीठ-पाणी सोबत घ्यावे, चेंगलपट्टूपर्यंत शक्ती राखून ठेवावी आणि दुपार होण्याआधी परतावे. उरलेली काळजी रस्ते आखणाऱ्यांनी आणि ते वापरणाऱ्या प्रत्येक चालकाने वाहायची आहे.